तिसऱ्या टाइलवरचे बोर्ड

अक्का, तुझ्या स्वयंपाकघरातला गॅस परवा मी पेटवला. तिसऱ्या दिवसाचं होईपर्यंत आपल्यात चूल पेटत नाही, आणि नंतर ती घरातल्याच बाईनं पेटवायची असते. सुवर्णा तुझी लेक खरी, पण ती आता उदगीरची झाली. राहिले मी, तुझी धाकटी जाऊ, जिला तू इतक्या वर्षांत त्या ओट्यापाशी एकदाही उभं राहू दिलं नाहीस. बायका म्हणाल्या, "विमल, ऊठ, चहा ठेव." मी उठले. तिथं जे झालं ते झालं नसतं तर मी हे लिहायला बसले नसते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही, आणि तू असताना तुझ्या तोंडावरही कधी जमलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

पण चहाचं मागाहून सांगते. आधी आपलं भांडण. ते तू अर्ध्यात टाकून गेलीस.

तुझ्यावर माझा संशय लग्नाच्या हळदीपासूनचा. मी नवी नवरी, तुला 'अहो अक्का' म्हणत होते. तू म्हणालीस, "आहो-जाहो कामून करायलीस गं? मी काय तुझी सासू हाय? तू म्हन." झालं. मी रात्रभर विचार केला की ही बाई मला 'तू' म्हणायला का लावतेय. उद्या चारचौघींत म्हणायला मोकळी, बघा, धाकटीला वळण नाही. तसं तू कधीच म्हणाली नाहीस. मला वाटलं, राखून ठेवलंय. मी तुला वाटीभर साखर दिली तर ती वाटी कधी रिकामी आली नाही. कधी शेंगदाणे, कधी तुरीच्या शेंगा, एकदा तर नुसती दोन लिंबं. घेताना मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, आता हिला काय पाहिजे असेल?

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. दुधानं तोंड पोळलेली माणसं आहोत आम्ही. औरादकडं माझ्या वडिलांची वाटणी झाली तेव्हा थोरल्या चुलत्यांनी शेताचे दोन तुकडे पाडले आणि रीतीप्रमाणं म्हणाले, "तू धाकटा, तू आधी उचल." वडिलांनी विहिरीचा तुकडा उचलला. विहीर आटत चाललीय हे सगळ्या शिवाराला माहीत होतं, फक्त वडिलांना नव्हतं. थोरल्यानं वाटायचं आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही रीत किती न्यायाची, असं सगळे म्हणतात. मला विचारा. तळं राखील तो पाणी चाखील, आणि वाटणी करील त्याला कुठला तुकडा गोड हे आधीच कळलेलं असतं.

म्हणून हुलसूरला आपल्या दोघींच्या नवऱ्यांनी जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं आणि चुली वेगळ्या करायचं ठरवलं, तेव्हा मला चुलत्यांचे ते दोन तुकडे आठवले. भाऊभाऊ काही भांडले नव्हते. सासूबाई गेल्या, पोरं मोठी झाली, आता ज्यानं त्यानं आपलं करावं, एवढंच. एका छपराखाली दोन घरं, मधे एक भिंत. खोल्यांची, अंगणाची वाटणी त्यांनी केली. स्वयंपाकघरापाशी आल्यावर अण्णा, तुझे मालक, हसून म्हणाले, "ही बायांची गोष्ट हाय. थोरली वाटंल, धाकटी उचलंल."

तू पदर खोचलास. त्या दिवसापासून गवंड्याच्या आणि वायरवाल्या खाजामियाँच्या मागं तू अशी लागलीस की ते बिचारे तुला बघितलं की बिडी विझवायचे.

तो दिवस मी विसरलेली नाही. ओटे व्हायचे होते. विटांची थप्पी रचलेली होती. तू मला हाक मारलीस, "ये गं विमल, हितं हुबी राहा. भाकरी थापल्यावानी कर बघू." समोर गवंडी, खाजामियाँ, वाळू चाळणाऱ्या दोघी बाया. मी हवेत भाकरी थापली. तू म्हणालीस, "नीट थाप. कोपर वर जायलंय तुझं." एक वीट काढलीस. परत थापायला लावलीस. मग, "आता मिक्सरचं बटन दाबल्यावानी हात कर. टाचा नको उचलू." आणि माझ्या बोटापाशी भिंतीवर कोळशानं रेघ ओढलीस. वाळूवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी बुटकी आहे, हे काय मला माहीत नव्हतं? तुझ्या खांद्याला माझं डोकं लागायचं. म्हणून चारचौघांत माझं माकड करायचं?

"हासायलीस व्हय माझ्यावर?" मी म्हणाले.

"हासू कामून? माप घ्यायले," तू म्हणालीस. चेहरा असा गंभीर, की माझा संशय दुप्पट झाला.

मग ती पाण्याची नळी. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती, पारदर्शक, पाण्यानं भरलेली. एक टोक तुझ्या हातात पश्चिमेच्या स्वयंपाकघरात, दुसरं माझ्या हातात पूर्वेच्या. मधल्या भिंतीत गवंड्यानं ठेवलेल्या भोकातून ती नळी गेलेली. पलीकडून तू ओरडायचीस, "हलवू नको गं, पानी नाचायलंय!" दोन्हीकडं पाणी जिथं थांबलं तिथं रेघ. त्या रेघेवर दोन्ही स्वयंपाकघरांतले सगळे बोर्ड. मिक्सरचा, फिल्टरचा, पुढंमागं विजेची शेगडी घेतली तर तिचा. ओट्यापासून तिसऱ्या टाइलवर, एकही वर नाही, एकही खाली नाही. खाजामियाँ वैतागला. "अक्का, सब लोगां ओट्टे से हात भर उप्पर लेतें, दिखने कू अच्छा दिखता. तुमे इत्ता निच्चे कायकू बोलरैं?"

"दोन्हीकडं सारखं पाहिजे," तू म्हणालीस. "बोटभर फरक पडला तर परत फोडून घेईन."

सारखं! सारखं! तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. एवढा सारखेपणा कुणी उगीच करतं का, अक्का? ज्याच्या मनात काही नसतं तो म्हणतो, होऊ द्या इकडंतिकडं. बोटभर फरकासाठी भिंत फोडायला निघालेली बाई काहीतरी झाकायला निघालेली असते. हे मला त्या दिवशीही वाटलं आणि, थांब, सांगते, ते खोटंही नव्हतं.

उचलायचा दिवस आला. दोन्ही स्वयंपाकघरं तयार. तोच काळा कडप्पा, त्याच पांढऱ्या टाइल, तेच बोर्ड. मी पूर्वेच्या दारात उभी राहिले आणि तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू बडीशेप चघळत होतीस. मी पश्चिमेच्या दारात जाऊन उभी राहिले, परत तुझ्या तोंडाकडं. बडीशेप. "कोनतंबी घे गं," तू म्हणालीस, "दोन्ही सारखेच हाईत." माझ्या चुलत्यांनी नेमकं हेच म्हटलं होतं. मनात पूर्वेचं घ्यायचं होतं, उजेड बरा होता. पण तुलाही ते माहीत असणार, म्हणून तिथंच काहीतरी असणार, म्हणून मी म्हणाले, "पश्चिमेचं." आणि अक्का, तू हसलीस. मोठ्यानं नाही. गालातल्या गालात, पोरगं आपण ठेवलेल्या जागेवरच खाऊ शोधतं तेव्हा हसतात तसं. त्या हसण्यानं मला कितीतरी वर्षं घास गोड लागू दिला नाही.

माझा ओटा मला बेताचा होता, हे कबूल. भाकरी थापताना खांदा दुखत नव्हता, बटणाला हात सहज जात होता. त्याचा मला आनंद झाला का? छे. मला वाटलं, माझं एवढं बरं झालंय तर हिचं किती बरं झालं असेल!

ते बघायची सोय मात्र तू ठेवली नाहीस. मी आले की दाराजवळचं निळं स्टूल पायानं पुढं सरकवायचीस. "बस. मी करते." मी उठले की, "बस म्हनलं ना." पाहुण्यासारखी वागवायचीस. आपला मोठा स्वयंपाक असायचा तो मागच्या अंगणात तीन दगडांवर. तू तापानं पडलीस आणि अण्णांनी तुला बिदरला दवाखान्यात नेलं, तेव्हाही डबे माझ्याच घरातून गेले. तुझ्या ओट्यापाशी जायची वेळच आली नाही. मी त्या स्टुलावर बसून तुझे बोर्ड बघायचे. एक, दोन, तीन. तिसरी टाइल. घरी येऊन माझे बघायचे. तिसरी टाइल. मला चीड यायची. चोरी सापडत नाही याचीही चीड येते, अक्का.

मग मी दुसरीकडं शोधायला लागले. तू मिक्सर लावलास की माझा बल्ब मिचमिचायचा. मला वाटलं, सापडलं! हिचे बोर्ड माझ्या मीटरवर जोडलेत. खाजामियाँला बोलावलं. त्यानं डबा उघडून दाखवला, दोन मीटर, दोन लायनी. मला पटेना तेव्हा तो मला ओढून गल्लीत घेऊन गेला आणि म्हणाला, "बाई, कोने की गिरनी चालू हुई तो पूरी गल्ली का बल्ब ऐसाइच करता. अक्का का मिक्सर बिच्चारा क्या करिंगा?" तुला हे कळलं. संध्याकाळी तू वाटी घेऊन आलीस, त्यात गूळ होता. मी गूळ घेतला आणि म्हटलं, आता हिला काय पाहिजे?

आणि तुझी कंबर. गेली काही वर्षं तू कमरेला पट्टा लावायचीस. सकाळचा स्वयंपाक झाला की उंबऱ्यावर बसून मुठीनं पाठ चेपायचीस. मला तेही सोंग वाटलं. वेळ अमावास्येला शेतात जायचं, कामाचा डोंगर, आणि हिची कंबर धरली. तू ओट्यावर वाकून भाकरी करतेस हे मला स्टुलावरून दिसत होतं. पण उंच बायका वाकूनच वावरतात, दारांच्या ठेंगण्या चौकटींनी लावलेली सवय असते, असं मी माझ्याशी ठरवून टाकलं होतं.

ताप यायच्या आधी, आपण मागच्या अंगणात तूर निवडत होतो. मी विषय काढलाच. म्हटलं, "आता तरी खरं सांग अक्का. त्या दोन्हींत चांगलं कोनतं होतं?"

"तुझंच."

"मंग त्या दिवशी हासलीस कामून?"

तू सुपातला खडा उचलून लांब फेकलास. "सांगीन की कवातरी. घाई हाय व्हय तुला?"

मला घाई नव्हती. तुला होती. आठवडाही गेला नाही. आता सांग, हे वागणं झालं का?

तर परवाचं. मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले. निळं स्टूल दारापाशीच होतं. पहिल्यांदाच ते ओलांडून पुढं गेले. पातेलं घेतलं, पाणी ओतलं, गॅस पेटवला, आलं ठेचायला घेतलं. आलं ठेचता ठेचता हात थांबला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, म्हणजे काहीच चुकत नव्हतं. परक्या स्वयंपाकघरात माणसाचा हात अडखळतो, खांदा वर करावा लागतो, बटण चाचपावं लागतं. माझं काहीच अडखळत नव्हतं. माझं कोपर माझ्या घरी जिथं येतं तिथंच कडप्प्याच्या वर आलेलं. हात लांब केला, बटणावर पडला. टाचा जमिनीला.

मला वाटलं, डोळ्यांवर झापड आलीय, रडून रडून. मी ओट्याला पोट लावून उभी राहिले. माझाच ओटा. माझ्या मापाचा. मग मी तुझी उंची मनात आणून तिथं उभी केली. तुला तो जेमतेम मांडीच्या वर आला असता. त्यावर तू रोज दोन वेळा भाकरी थापलीस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी बारकाईनं बोर्ड बघत राहिले, आणि बोर्ड ज्याच्यावरून मोजायचे तो ओटाच मी कधी बघितला नाही.

चहा उतू गेला. सुवर्णा धावत आली. मी तिला विचारलं, "हा ओटा इतका खाली कामून गं?" ती सांडलेला चहा पुसायला लागली. मी तिचा दंड धरला. तेव्हा ती रडायला लागली आणि म्हणाली, "आईनं शपथ घातली होती काकू. तुमाला सांगू नको म्हनून."

"काय सांगू नको?"

"मी तवा आईला म्हनले होते, एक ओटा तुझ्या मापाचा कर, एक काकूच्या. तर आई म्हनली, तसं केलं की विमल मुद्दाम उंचच उचलंल. तिला वाटंल, ठेंगना तिच्या गळ्यात मारायलाव. मंग जलमभर टाचा उचलून भाकरी थापंल, पन कबूल करनार न्हाई." सुवर्णानं नाक पुसलं. "म्हनून दोन्ही तुमच्या मापाचे केले. बोर्डबी. मी म्हनले, आन् तुझं कसं? तर म्हनली, मला वाकता येतंय, तिला वाढता येतंय का?"

मी स्टुलावर बसले. बाहेर बायका चहाची वाट बघत होत्या.

अक्का, माझा संशय खरा होता. तू काहीतरी झाकत होतीस. मी इतकी वर्षं जे म्हणत होते ते अक्षरशः बरोबर निघालं, आणि ज्याला सांगायचं ते माणूसच नाही. बरोबर निघण्यात एवढं दुःख असतं हे मला माहीत नव्हतं.

आणि मला तुझा रागच आलाय, हे स्पष्ट सांगते. कुणी सांगितलं होतं तुला? एकदा विचारायचं होतंस. मी भांडले असते, नाही म्हणाले असते, उंचच पाहिजे म्हणून हटून बसले असते, हो, बसलेच असते. पण भांडून भांडून कधीतरी आपण दोघींनी मिळून एक ओटा फोडला असता. तू मला ओळखून होतीस, इतकी की माझ्या स्वभावाला वळसा घालून माझं भलं केलंस. माणसानं दुसऱ्याला इतकं ओळखू नये. ओळखलं तर निदान सांगावं.

काल दिवसभर मी तुझ्यात खोट शोधली. सवय जात नाही. म्हटलं, मेल्यावर सगळ्यांनी वाहवा करावी म्हणून केलं असेल. पण तसं असतं तर लेकीला शपथ कशाला घालशील? म्हटलं, मला जन्माची ओझ्याखाली ठेवायला केलं असेल. पण मला कळलंच नसतं तर ओझं कसलं? शेवटी मी थकले. पहिल्यांदाच एखादा संशय हातात घेऊन बसले आणि त्याला धरायला कुठं टोक सापडलं नाही. तू माझ्यावर माया करत होतीस. एवढंच निघतंय. दुसरं काही निघत नाही. हे मला गेल्या आठवड्यात कळलं असतं तर मी तुझ्या कमरेला तेल लावलं असतं, अक्का. बाकी काही बोलले नसते, मला येत नाही. पण तेल लावलं असतं.

सुवर्णा म्हणते, अण्णांचं जेवण आता तुमच्याकडंच करा, हे स्वयंपाकघर बंद करून टाकू, नाहीतर गवंडी बोलावून ओटा वर घेऊ, पुढंमागं कुणाला तरी उपयोगी पडेल. मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही त्याला. आज सकाळी अण्णांच्या भाकरी मी तुझ्याच ओट्यावर थापल्या. अण्णा दारात आले, मला तिथं बघून थबकले आणि हात धुवायला गेले.

निळं स्टूल मी पुसून दारापाशीच ठेवलंय. तू तिथं बस. कमरेला उशी ठेवलीय. उठू नको, बस म्हटलं ना. मी करते.